इंजिन ऑइलमध्ये पाणी : इंजिन उघडण्याआधी पाण्याची वाट शोधा

कापडाच्या धंद्यात नफा ताक्यामागे थोडा थोडा जमतो, आणि मालाचा ट्रक आठ दिवस गॅरेजमध्ये उभा राहिला की सारा एकदम निघून जातो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत आपल्यापैकी अनेक लहान व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी सुताच्या गोणी व कापडाच्या गाठी नेण्यासाठी स्वतःची जुनी गाडी ठेवलेली असते. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ चे नियम लागू झाले. त्यांची इंजिने संगणकावर चालतात आणि किंमतही मोठी असते. त्यामुळे साध्या पंपाची जुनी टाटा ४०७ किंवा जुना सहा चाकी ट्रक ज्याच्याकडे आहे, तो ती गाडी सहजासहजी सोडत नाही.

अशा गाडीत एक आजार असा आहे की त्याचे नाव ऐकताच मालकाचे हातपाय गळतात. रेडिएटरचे पाणी इंजिन ऑइलमध्ये जाते. मिस्त्री डिपस्टिक काढून दाखवतो, तिच्यावर दुधाळ चहासारखे काहीतरी लागलेले असते, आणि लगेच निकाल दिला जातो : "शेठ, इंजिन गेलं. पूर्ण काम करावं लागेल." घाबरलेला मालक होकार देतो. पिस्टन, लायनर, बेअरिंग, क्रॅन्क सारे बदलले जाते आणि कधी कधी महिन्याभरात ऑइल पुन्हा दुधाळ होते, कारण पाणी जिथून येत होते ती जागा कोणी शोधलेलीच नसते.

सांगण्याचा मुद्दा एवढाच आहे की ऑइलमध्ये पाणी दिसणे हे लक्षण आहे, निदान नव्हे. पाणी येण्याच्या वाटा पाच-सहा आहेत. त्यातील काही अगदी स्वस्तात बंद होतात, काही महाग पडतात. कोणती वाट उघडली आहे हे समजल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नये, आणि समजेपर्यंत गाडी चालवूही नये.

पाणी आणि ऑइल एकमेकांच्या शेजारी

इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हेडमध्ये पाण्याचे मार्ग आहेत तसेच ऑइलचेही मार्ग आहेत. कुठे त्यांच्यामध्ये बिडाची भिंत असते, कुठे फक्त गॅस्केट, कुठे रबराची रिंग, तर ऑइल कूलरमध्ये पातळ पत्र्याची किंवा नळीची भिंत. इंजिन सुस्थितीत असेल तर दोघे शेजारी राहूनही भेटत नाहीत. यातील एक भिंत फुटली की भेट होते.

ही भेट घातक का, तेही समजून घ्यावे. क्रॅन्कशाफ्ट बेअरिंगमध्ये धातूवर धातू घासत फिरत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. त्या ऑइलमध्ये पाणी मिसळले की थर दुबळा होतो आणि बेअरिंगचा धातू घासला जाऊ लागतो. पाण्यात कूलंट असेल तर नुकसान आणखी वाढते. कूलंटमधील ग्लायकोल ऑइलशी मिळून चिकट गाळ तयार करतो, तो फिल्टर तुंबवतो आणि बेअरिंगचा धातू खातो. गॅस्केटच्या कामावर भागले असते तो रोग दोन-चारशे किलोमीटर गाडी रेटल्याने क्रॅन्क ग्राइंडिंगपर्यंत जातो. म्हणून "भिवंडीपर्यंत माल पोहोचवून येतो, मग बघू" हा विचार सर्वांत महाग ठरतो.

आधी खात्री : खरेच पाणी आहे का?

पहिली गोष्ट, ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पिवळट-पांढरा फेस दिसला म्हणून घाबरू नये. थंडीच्या दिवसांत गाडी जवळच्या जवळ फिरली, इंजिन पुरते तापलेच नाही, तर आतल्या हवेतील वाफ झाकणाखाली गार होऊन असा फेस बनवते. ज्या गाडीतून थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकलेला आहे तिच्यात हे जास्त दिसते. फेस फक्त झाकणापुरता असेल, डिपस्टिकवरचे ऑइल काळे-स्वच्छ असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल, तर झाकण पुसून गाडी लांबच्या फेरीवर न्यावी आणि पुन्हा पाहावे.

दुसरी गोष्ट, ऑइलची पातळी वाढली म्हणजे पाणीच आले असे नाही. डिझेलही ऑइलमध्ये उतरू शकते, फीड पंप किंवा इंजेक्शन पंप आतून गळत असेल तर तसे होते. पण डिझेल मिसळलेले ऑइल दुधाळ होत नाही. ते पातळ होते, रंग काळाच राहतो आणि बोटावर घेऊन वास घेतला की डिझेल ओळखू येते. त्याचा इलाज वेगळा आहे.

पाण्याची खात्री करण्यासाठी व्यापाऱ्याला सर्वांत जवळची पद्धत म्हणजे जमाखर्च. सकाळी इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून रेडिएटर किंवा पाण्याच्या टाकीतील पातळीवर खूण करावी आणि डिपस्टिकवर ऑइल कुठे आहे ते लिहून ठेवावे. गाडीखाली आणि होज पाइपांवर कुठेही ओल नाही, तरी पाणी कमी झाले आणि ऑइल वर चढले, तर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली हे उघड आहे. पाणी कमी झाले पण ऑइल वाढले नाही, तर ते बाहेर गळते आहे किंवा सिलिंडरमध्ये जाऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या वाफेने निघून जात आहे. ज्याचे ऑइल आधीच दुधाळ आहे त्याने मात्र हा हिशोब गाडी चालवून करू नये. त्याच्यासाठी पुढच्या दोन चाचण्या आहेत.

एक, गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी इंजिन चालू न करता चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करावा आणि खाली काचेची बाटली धरावी. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि आधी तेच बाहेर येते. मात्र पाणी ऑइलमध्ये घुसळून एकजीव झाले असेल तर ते वेगळे होत नाही. म्हणून बाटलीत पाणी आले तर खात्री झाली, न आले तर निर्दोष ठरले असे समजू नये.

दोन, तापलेल्या लोखंडी पत्र्यावर या ऑइलचे दोन-तीन थेंब टाकावेत. पाणी असेल तर तडतड आवाज येऊन बुडबुडे फुटतात, शुद्ध ऑइल मुकाट्याने पसरते. यासाठी घरातील तवा वापरू नये, आणि चेहरा दूर ठेवावा. काही जण कूलंट ओळखण्यासाठी बोट चाटून गोड चव पाहतात. हे कधीही करू नये. ग्लायकोल विष आहे. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये, मुले किंवा जनावरे ते पिऊ शकतात.

ऑइल पाण्यात की पाणी ऑइलमध्ये?

खात्री झाल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, कारण अर्धे निदान इथेच होते. इंजिन थंड असताना रेडिएटरची कॅप उघडून आत पाहावे. गरम इंजिनाची कॅप उघडू नये, उकळते पाणी अंगावर येते.

इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा पुष्कळ जास्त असतो. गाडी रस्त्यावर धावताना ऑइल सहसा दोन-तीन किलोच्या वर असते, पाणी एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्यामुळे दाबाचे ऑइल आणि पाणी यांच्यामधली भिंत फुटली असेल, तर गाडी चालताना ऑइल पाण्यात घुसते. रेडिएटरमध्ये तपकिरी, लोण्यासारखा थर दिसतो. इंजिन बंद केले की चित्र उलटते. ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो, पण गरम पाण्याचा दाब बराच वेळ टिकतो आणि पाणी ऑइलकडे जाते. म्हणून दोन्हीकडे मिसळ दिसली तर संशय प्रथम ऑइल कूलरवर घ्यावा, त्यानंतर हेड गॅस्केटमधील ऑइलच्या छिद्राजवळच्या भागावर.

याउलट रेडिएटरचे पाणी स्वच्छ आहे आणि फक्त ऑइल दुधाळ आहे, तर पाणी अशा जागेतून येत आहे जिथे पलीकडे दाबाचे ऑइल नाही. उदाहरणार्थ लायनरच्या खालच्या रबर रिंगा, हेडची चीर, किंवा ब्लॉकची चीर. हा नियम शंभर टक्के नाही, पण शोध कुठून सुरू करावा ते यावरून ठरते.

स्वस्त वाटा आधी तपासा

ऑइल कूलर. ज्या इंजिनात तो आहे तिथे सुरुवात याच्यापासून करावी, कारण इंजिन न खोलता तो बाहेर काढता येतो. टाटाच्या काही ट्रकमध्ये बसलेल्या कमिन्स बी-सिरीज इंजिनात तो ब्लॉकच्या बाजूला झाकणाखाली असतो. काढलेल्या कूलरची ऑइलची तोंडे बंद करून आत थोड्या दाबाने हवा भरावी आणि तो बादलीतील पाण्यात बुडवावा. ट्यूबचे पंक्चर जसे शोधतात तसेच बुडबुडे दिसतात. कूलर फुटलेला निघाला तर पिस्टन-लायनरला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

एअर कंप्रेसर. हा फार वेळा विसरला जातो. हवेच्या ब्रेकची गाडी असेल आणि कंप्रेसरचे हेड इंजिनाच्या पाण्याने गार होत असेल, तर त्या छोट्या हेडचे गॅस्केट किंवा बीड फुटल्यावर पाणी कंप्रेसरच्या सिलिंडरमधून खाली उतरते आणि ऑइल परत जाण्याच्या वाटेने थेट इंजिनाच्या चेंबरमध्ये येते. एअर टँकच्या तळाचा कॉक उघडून पाहावा. थोडे साधे पाणी निघणे नेहमीचेच आहे, हवेतील दमटपणाचे ते पाणी असते. पण हिरवे किंवा गुलाबी कूलंट निघाले तर चोर सापडला. आमच्या ओळखीतील एका सूत व्यापाऱ्याच्या गाडीचे पूर्ण इंजिन खोलण्याची बोली झाली होती. एका म्हाताऱ्या उस्तादाने आधी टँकचा कॉक उघडला, आणि काम कंप्रेसरच्या हेडवर निभावले.

हेड गॅस्केट. इंजिन थंड असताना फॅन बेल्ट काढावा म्हणजे पाण्याचा पंप फिरणार नाही. रेडिएटर काठोकाठ भरून, कॅप न लावता, इंजिन एक-दोन मिनिटेच चालवावे आणि हळू रेस द्यावी. पाण्यात सतत बुडबुडे आले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येत आहे. गॅस्केट जळले आहे किंवा हेडला चीर आहे. मात्र कंप्रेसरची हवासुद्धा असेच बुडबुडे देते. म्हणून चाकांना दगड लावून, टँकची हवा सोडून, कंप्रेसरचा हवेचा पाइप सोडून ठेवावा आणि तीच परीक्षा पुन्हा करावी. बुडबुडे थांबले तर दोष कंप्रेसरचा. आणि बुडबुडे आलेच नाहीत तरी गॅस्केट सुटले असे नाही. पाण्याच्या आणि ऑइलच्या छिद्रांमधला भागच फाटला असेल तर गॅस येत नाही.

शेवटची परीक्षा : चेंबर उतरवून दाब द्या

एवढे करूनही जागा सापडली नाही तर हेड उचलण्याच्या आधी चेंबर उतरवावा. ही परीक्षा मिस्त्री टाळतात, कारण तिला वेळ लागतो. पण सर्वांत सरळ उत्तर हीच देते. रेडिएटरच्या तोंडावर गेजसह हातपंप बसवून कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा, त्यापेक्षा जास्त नाही. खाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे, आतून क्रॅन्क आणि ब्लॉक पुसून घ्यावा, आणि बॅटरीच्या उजेडात खालून पाहत राहावे. लहान गळती दिसायला कधी रात्र लागते, म्हणून घाई करू नये.

थेंब लायनरच्या बाहेरून, खालच्या कडेवरून येत असेल तर रबराच्या रिंगा गेल्या आहेत. थेंब पिस्टनच्या बाजूने, सिलिंडरच्या आतून येत असेल तर पाणी वरून येत आहे : गॅस्केट, हेडची चीर, किंवा लायनरलाच पडलेले बारीक छिद्र. पुढच्या टायमिंगच्या बाजूने येत असेल तर त्या कव्हरचे गॅस्केट आणि पाण्याचा पंप तपासावा. पुशरॉडच्या बाजूने येत असेल तर हेड किंवा ब्लॉकच्या त्या भागातील प्लग आणि चिरा पाहाव्यात. कोणत्या नंबरच्या सिलिंडरखाली कागद ओला झाला ते लिहून ठेवावे.

इथे आपले इंजिन कोणते ते माहीत असणे उपयोगी पडते. टाटाच्या जुन्या इंजिनांच्या नावातच माप आहे. ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि तेवढाच बोअर. पण मुख्य प्रश्न लायनरचा आहे. ज्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागते तो ओला लायनर, त्यालाच रबराच्या रिंगा असतात. कोरड्या लायनरला पाणी लागत नाही. कमिन्स बी-सिरीजमध्ये बोअर थेट ब्लॉकमध्येच असतो. ज्या इंजिनाला ओला लायनरच नाही, त्याच्या मालकाला कोणी "लायनरच्या रिंगा गेल्या" असे सांगितले तर त्याने ओळखावे की समोरच्याने इंजिन पाहिलेले नाही.

आणखी एक खबरदारी. रात्रभर उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल आणि सकाळी स्टार्टर मारला, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकते. संशय असेल तर आधी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे.

वाटेत कळले तर

मालेगावकडून येताना कसारा घाटाच्या आधी ड्रायव्हरला हे कळले, तर त्याला स्पष्ट सूचना असावी : गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, फोन करा. दुसऱ्या गाडीत माल बदलण्याचे भाडे आणि टोइंगचा खर्च जिवावर येतो, पण तो क्रॅन्कपेक्षा स्वस्त असतो. ड्रायव्हरला "कसंही करून पोहोचव" असे सांगणारा मालक पुढे त्याच्यावर दोष टाकू शकत नाही. रोज सकाळी पाणी आणि ऑइल पाहून वहीत लिहिण्याची सवय ड्रायव्हरला लावावी. हा आजार बहुधा एका दिवसात येत नाही, वहीत तो आठ दिवस आधी दिसतो.

दुरुस्ती करताना काय मागावे

गॅस्केट जळाले असेल तर ते का जळाले हा प्रश्न शिल्लक राहतो. बहुतेक वेळा उत्तर इंजिन तापणे हेच असते : रेडिएटर गाळाने भरलेला, बेल्ट सैल, कॅप खराब, किंवा बोअरवेलच्या जड पाण्याने आत बसलेली खपली. कारण तसेच ठेवून नवे गॅस्केट बसवणे म्हणजे फाटलेल्या गोणीत पुन्हा माल भरणे होय.

हेड उतरले की त्याची सपाटी पट्टी लावून तपासावी, वाकले असेल तर फेसिंग करून घ्यावे, आणि चिरेसाठी पाण्याच्या दाबाची परीक्षा करावी. ज्या इंजिनात लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवायचा असतो तिथे ती उंची मोजावी. लायनर बसलेला असेल तर नवे गॅस्केटही टिकत नाही. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तकातील क्रमाने आणि मापाने आवळावेत, अंदाजाने नव्हे.

दुधाळ ऑइल टाकून नुसते नवे भरले की काम संपले असे नाही. फिल्टर बदलावा, चेंबर व जाळी धुवावी, आणि गाडी त्या स्थितीत चालली असेल तर दोन-तीन बेअरिंग खोलून पाहावीत. साफसफाईसाठी भरलेले स्वस्त ऑइल थोडा वेळ मंद चालवून काढावे आणि मगच चांगले ऑइल भरावे. ते पहिले ऑइलही लवकर बदलावे. पाण्यात ऑइल गेले असेल तर रेडिएटर आणि होज पाइपही धुवावे लागतात, ऑइलने रबर फुगते. नंतर विहिरीचे पाणी न भरता स्वच्छ मऊ पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट मिसळून भरावे. काढलेले ऑइल गटारात ओतू नये.

जुनी गाडी विकत घेतानाही हेच ज्ञान कामाला येते. गाडी थंड असताना पाहावी, डिपस्टिक आणि रेडिएटर दोन्ही उघडावे. विकणाऱ्याने कालच ऑइल आणि पाणी दोन्ही बदललेले असेल तर कारण विचारावे आणि सौदा आठ दिवस लांबवावा.

चांगला मिस्त्री मिळणे ही मोठी गोष्ट आहे आणि त्याच्या मेहनतीचे पैसे आनंदाने द्यावेत. तपासणीचे पैसेही वेगळे द्यावेत. आपण फक्त दुरुस्तीचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही, म्हणूनही तो सरळ इंजिन खोलण्याचा सल्ला देतो. त्याला अदबीने एवढेच विचारावे : "उस्ताद, पाणी कुठून येतंय ते आधी दाखवा." जो दाखवेल त्याच्या हाती इंजिन द्यावे.